बहात्तर टॉवेल

रात्री नऊला गाडी बेळगाव सोडते
आणि मी बी-थ्रीत मोजायला लागतो.
चादरी एकशे चव्वेचाळीस, उशा बहात्तर, अभ्रे तेवढेच,
आणि हात पुसायचे टॉवेल. तेही बहात्तर.
खरी नोकरी त्या टॉवेलांची.
चादर कोण नेत नाही.

"टॉवेल कोडी," खालच्या बर्थवरचे मास्तर.
"अहो, मला नाही मिळाला," वरून बाई.
"भैया, इधर भी."
मी अण्णा, मी दादा, मी भैया,
कागदावर मात्र कंत्राटदाराचा माणूस.
छातीवर बिल्ला, बिल्ल्यावर नाव चुकलेलं:
भरमाणीचा भ्रमणी केलाय कुणीतरी.
चालतंय की.
भ्रमण तर रोजचंच आहे.

लोंढा येईस्तोवर डबा झोपतो.
मी संडासाशेजारी, मळक्या गाठोड्यांवर,
पाय आखडून,
एक कान दाराकडे.

पगार म्हणाल तर
खात्यावर सोळा हजार दोनशे पडतात.
मेसेज आला की बायको फोन माझ्यापुढे धरते,
बघा, म्हणते, आकडा कसला देखणा आहे.
दुसऱ्या दिवशी हुबळीच्या फलाटावर
सुपरवायझर चहा पीत पीत हात पुढे करतो.
पाच हजार. रोख. वरच्यांचे.
उरल्यातून टॉवेल कापतात,
हरवलेला नग साठ रुपये.
ह्या महिन्यात अकरा गेले.

घर येळ्ळूरला. भाडं नाही, एवढं एक सुख.
बासमती निसवली की शिवारातून येताना
वास नाकात भरतो, घरापर्यंत सोबत येतो;
कुकरात रेशनचा शिजत असतो.
पोराच्या व्हॅनवाल्यानं दोनशे वाढवले.
डिझेल वाढलं म्हणाला, बरोबर आहे त्याचं.
माझं काय वाढलं ते
मी कुणाला सांगायचं, तेवढं माहीत नाही.

आता सगळंच टॉवेलात मोजतो.
गॅस म्हणजे पंधराच्या वर.
पोराला ताप आला, डॉक्टर पाच, औषधं सात.
बायको आधी हसायची.

मागच्या रविवारी बेनाडीला गेलो, निपाणीकडं,
बहिणीच्या, रेणुकाच्या, स्थळासाठी.
माणसं बरी. घर नीटनेटकं.
शिरा केलेला, उप्पीट केलेलं,
वरून आग्रह.
मागच्या दारी हात धुतले
तर नवऱ्या मुलाच्या वडलांनी स्वतः
दोरीवरचा टॉवेल काढून दिला.

पांढरा. कडेला बोटभर निळी पट्टी.
कोपऱ्यात धुलाईचा शिक्का, अर्धा विरलेला.

माझ्याच डब्यातला असेल असं नाही.
गाड्या पुष्कळ आहेत, डबे पुष्कळ.
पण हात पुसताना वाटलं,
आपला कुठला तरी मंगळवार आपण ओला करतोय.

"रेल्वेत असता म्हणे," ते म्हणाले. "पर्मनंट?"
"होय," म्हणालो. "आठ वर्षं झाली."
त्यातलं आठ वर्षं तेवढं खरं.

आणि मग हातांनी, मला न विचारता,
त्यांचं काम केलं:
कडेला कड, मधे दाबून, तीन घड्या,
पट्टी वर,
जशी रात्री नऊनंतर देतो तशी
दोन्ही हातांनी पुढे केली.

ते घडीकडे बघत राहिले.
मग शिक्क्याकडे.
मग माझ्या बोटांकडे जरा जास्त वेळ.
टॉवेल काखेत दाबून म्हणाले,
"आत चला, चहा घेऊया की."

चहा चांगला होता.
दूध निम्म्याहून जास्त.
आमच्यात एवढं घालत नाहीत.