तीन वाव

वाल्परायसो. दुसरा तास, नववी ब.
प्रोजेक्टर दमेकऱ्यासारखा घरघरतो.
पडद्यावर उपग्रहानं टिपलेलं आजचं बंदर,
आणि त्यावर मी अंथरते
कुण्या आरमारी मोजणीदाराचा जुना नकाशा,
कोपऱ्यात डाग, कॉफीचा की शाईचा, देव जाणे.

"टाचण्या मारा," मी म्हणते,
"तेव्हाही होतं आणि आत्ताही आहे, असं काहीतरी शोधा."
निकानोर झटकन चर्च पकडतो.
नकाशा पिळलेल्या फडक्यासारखा वळतो,
टेकडी समुद्रात, समुद्र टेकडीवर.
वर्ग खिदळतो.
यास्ना खोदत बसते, मग सांगते:
भूकंपात पडलेलं चर्च पुन्हा उभं राहिलं,
जरा सरकून.
मी फळ्यावर काहीच लिहीत नाही.

शेवटी एक खडक जमतो, एक घळ, बुरुजाचा कोपरा.
नकाशा हळूहळू बसतो,
अंधारात भिंत चाचपत घरी आलेल्या माणसासारखा.
आणि एदेल्मिरा,
बडबड्यांच्या या वर्गात जिला कधी वाव मिळाला नाही,
म्हणते, "बाई, आपण पाण्यात आहोत."

खरंच. बँक पाण्यात. कोर्ट पाण्यात.
निकानोरच्या बापाचं बुटांचं दुकान,
हप्ते अजून फिटायचेत, पाण्यात.
आमच्या शाळेवर एक बारीक, तिरपा आकडा:
तीन.

"तीन काय?"
"वाव. दोन्ही हात पसरले की एक."

मग कोण थांबतंय!
उड्यांची दोरी आली, टोकाला कुणाच्या तरी सायकलचं कुलूप.
वरच्या मजल्याच्या कठड्यावरून दोरी खाली, अंगणात.
कुलूप फरशीवर टेकलं,
तेव्हा पाण्याची पातळी आमच्या हनुवटीशी होती.
तळाशी मुख्याध्यापक कचेरीतून बाहेर आले,
वर बघत राहिले, तोंड उघडं, माशासारखे.

भांडण वेगळ्याच गोष्टीवरून पेटलं.
निकानोरचे हात लांब, त्याचे तीन वाव
जवळजवळ चार.
आणि त्या मोजणीदाराचे?
त्याच्या नावाखाली हुद्दा आहे, तारीख आहे,
हातांबद्दल अक्षर नाही.

घंटा झाली. कोणी हललं नाही.
एदेल्मिरानं दोरी घेतली, हात ताणले,
पुन्हा, पुन्हा,
खांदे दुखेपर्यंत.

रात्री मी त्यांचा प्रकल्प उघडला.
शाळेच्या जागी निळा ठिपका. दाबला:
खोली, तीन वाव.
पुढे कंसात, परवानगी न विचारता:
(एदेल्मिराचे).
तपासणीच्या रकान्यात मी बरोबरची खूण केली.