चिची

हर्षिदाबेन सेन्सेई कोबेला बावीस वर्षं राहून आल्या.
नवऱ्याचा मोत्यांचा धंदा होता. तो बुडाला की मिटवला,
आम्ही कधी विचारलं नाही.
फतेगंजच्या कॉलेजात संध्याकाळी सहाला
त्या चपला दाराबाहेर काढतात
आणि आम्ही नऊ जण
मनात नसताना आमच्याही काढतो.

पहिल्या आठवड्यात वाटलं, जमेल.
क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं,
आईसारखं, सगळ्यांची पानं उठल्यावर.
का सा ता ना हा मा : अंकलिपीचीच गल्ली,
फक्त मधली बरीच घरं रिकामी,
आणि ळ तर कुठेच नाही.
माझ्या आडनावात ळ आहे.
कोठावळेची कोतावारे-सान झाले
आणि ओ देऊ लागले.

मग मोजणं आलं.
लांबट वस्तू वेगळ्या मोजायच्या, चपट्या वेगळ्या.
पेन्सिल, छत्री, केळं एका शब्दात,
पापड, शर्ट, बसचं तिकीट दुसऱ्यात.
लहान जनावराला हिकी, मोठ्याला तो.
यझदीने विचारलं, मग विश्वामित्रीतल्या मगरीला?
सेन्सेईंनी खडू खाली ठेवला.
ज्याला तू उचलशील ते हिकी.
जे तुला उचलून नेईल, ते तो.

वडलांनाही दोन शब्द आहेत.
दुसऱ्याचे वडील ओतोसान,
म्हणताना कमरेत थोडं वाकायचं.
स्वतःचे, परक्यासमोर, चिची.
आम्ही हसलो, वळचणीतल्या चिमणीसारखं वाटलं.
आपलं माणूस बाहेर लहान करून सांगावं, रीत आहे,
म्हणाल्या.
आमच्या घरी कुणी 'पप्पा आला' म्हटलं
तर आईचं लाटणं थांबतं.

तोंडी परीक्षेत तेच आलं :
चिची काय करतात?
काइशाइन, मी म्हटलं. कंपनीत नोकरीला.
माणसात खोट नव्हती,
मकरपुऱ्याला एकोणीस वर्षं फिटर होते,
कंपनीला टाळं लागेपर्यंत.
खोट फक्त काळात.
केइबीइन हा शब्द आदल्या रात्री
वहीच्या मागच्या पानावर तीनदा लिहिला होता.
पहारेकरी.
सेन्सेईंनी मान हलवली. वीसपैकी सोळा.

आठला तास सुटतो.
आठलाच पप्पांची पाळी सुरू होते, याच फाटकावर.
मी रोज पाण्याच्या नळाशी रेंगाळते,
आठही जण गेले की डबा देते.
त्या दिवशी सेन्सेई छत्री विसरून गेल्या होत्या.
लांबट वस्तू, एक : इप्पोन.
ती घेऊन परत येताना त्यांनी पाहिलं
डबा माझ्या हातातून त्यांच्या हातात जाताना.
शिट्टी, दंडुका, खांद्यावरची निघालेली शिवण.

त्या थांबल्या.
पाय जुळवले.
मग वाकल्या, छत्रीचं टोक फरशीला लागेपर्यंत,
आणि म्हणाल्या, ओतोसान.
पुढचं वाक्य एवढं लांब होतं
की मी मध्येच कुठेतरी सुटले.
पप्पांनी गडबडून सलाम ठोकला,
डबा दुसऱ्या हातात तसाच.

आवजो, म्हणत त्या रिक्षात बसल्या.

काय म्हणाल्या गं बाई?
मी म्हटलं, ते क्रियापद अजून शिकवलं नाही आम्हाला.
पोळीला तूप लावलंय, गार होऊ देऊ नका.

तिकडे घरातून निघणारा म्हणतो, जाऊन येतो.
मागे राहणारा म्हणतो, जाऊन ये.
हे मात्र पाठ करावं लागलं नव्हतं.
येते, मी म्हटलं.
खरं तर मी घरीच निघाले होते,
आणि बाहेर राहणार होते ते.
तरी म्हणाले, हं, ये जाऊन.
आणि फाटकाची कडी लावली,
आतून.