थेंब ठेवून मोजणे

पालच्या वर, सुकी नदीच्या खोऱ्यात
आग विझून एकवीस दिवस झाले
असं रजिस्टरमध्ये लिहिलेलं होतं.
जुम्मा तडवी गुडघ्यावर बसला,
तळहात नव्हे, हाताची पालथी बाजू टेकवली त्याने मातीवर,
तापलेल्या पोराच्या कपाळावर टेकवावी तशी,
आणि म्हणाला, ‘वर इझली, बाई.
खाले जागी हाये.’

मी जळगावहून आलेली, प्रयोगशाळेतली.
माझ्याकडे माती येते ती पिशव्यांतून,
केळीच्या बागांची, काळी, गट क्रमांक लिहिलेली,
आणि कधीच कोमट नसते.

त्याने सळई उचलली, सालईच्या खुंटाजवळ रोवली.
रोवली कसली, नुसती आत गेली,
मागोमाग कोपरापर्यंत त्याचा हातही.
मूळ होतं तिथे मुळाच्या आकाराची पोकळी,
फाट्याफाट्यांनी डोंगराच्या पोटात उतरलेली,
भिंती विटेसारख्या लाल,
तळाशी राख, पिठाहून मऊ.
एक मुंगी काठापर्यंत आली, थांबली, वळली.
धूर दिसत नव्हता. वास होता,
जुन्या गोधडीला ठिणगी लागल्यावर येतो तसला.

मी ड्रॉपर काढला.
अशा मातीवर पाण्याचा थेंब ठेवायचा
आणि तो मुरेपर्यंत सेकंद मोजायचे, एवढीच परीक्षा.
चांगली माती पाचाच्या आत पिते.
हा बसून राहिला मण्यासारखा,
त्याच्यात आभाळ, जळक्या फांद्या आणि उलटा जुम्मा.

वीस. एकवीस.
माझा भाचा निनाद तिकडे, पार उत्तरेच्या थंड जंगलात
हेच मोजतो, मी सांगितलं.
तिथे जमीनच शेवाळाची, हजारो वर्षं साचलेली.
आग तिच्यात शिरते, वर हातभर बर्फ पडतं,
ती खाली चघळत राहते हिवाळाभर
आणि बर्फ वितळलं की दुसरीकडूनच डोकं काढते.
‘बर्फाखाले?’
‘बर्फाखाली.’
‘मंग ते बिडीच झाली,’ तो म्हणाला. ‘ओढनारा कोन?’

नव्वद. एक्क्याण्णव.
निनाद म्हणतो, झाडं उभीच असतात, हिरवीसुद्धा,
आणि एके दिवशी वारा नसताना आडवी होतात,
पायाखालचं सगळं संपलेलं असतं.
या वेळी जुम्मा काही बोलला नाही.
उताराच्या मोहाकडे बघत राहिला.

एकशे चाळीस.
मोहाखालचा पाचोळा लोक जाळतात,
पहाटे पडलेली फुलं दिसावीत म्हणून.
अंगणाएवढी आग,
ओल्या फडक्याने झोडपली की विझते.
‘त्या रोजी फडकं,’ तो मातीला म्हणाला,
‘पोरीच्या डोक्याले बांधेल होतं.
ऊन लय होतं.’

माझी मोजणी चुकली.
चुकली तर नवा थेंब, पुन्हा एकपासून, असा नियम आहे.
मी अंदाजे दोनशे लिहिलं.
त्याखाली, आगीचं कारण: अज्ञात.

प्रयोगशाळेत आम्हीही भट्टी पेटवतो.
माती तोलायची, जाळायची, पुन्हा तोलायची;
जेवढी घटली तेवढा तिच्यात पालापाचोळा, मुळं, किडे,
कुजून माती होत आलेलं सगळं.
ही घटणार नाही, हे मला आत्ताच ठाऊक आहे,
तरी न्यायचीच. फॉर्मवर रकाना आहे.

निघताना वळून पाहिलं.
थेंब होता अजून, थोडा आक्रसलेला.
मुंगी परत आली होती
आणि त्याच्या काठाला तोंड लावून उभी होती.

एसटीत पिशवी मांडीवर घेतली.
खिरोद्याला एक म्हातारी चढली, शेजारी टेकली,
तिचा हात पिशवीला लागला.
‘भाकरी का व? गरम लागून ऱ्हायली.’
मी हो म्हटलं.