मंगळवार, सहा ते साडेसहा

मंगळवारी नळ यायच्या आधी मी उठते.
ओट्यावर रात्रीच काढून ठेवलेला स्टीलचा पेला,
काठोकाठ, साधं पाणी.
चहाचं आधण नाही, दुधाची पिशवी
दाराच्या कडीला तशीच लटकलेली.

गोळी पांढरी, शेंगदाण्याच्या पाकळीएवढी.
चघळायची नाही, जिभेवर घोळवायची नाही.
अख्खीच गिळायची, पेला संपवायचा,
आणि मग अर्धा तास
आडवं म्हणून व्हायचं नाही.

तांडेल डॉक्टर माझ्या मुलीहून लहान.
मनगटाचं प्लॅस्टर कापताना म्हणाली,
"मावशी, बादली उचलताना हाड मोडलं
तर बादलीला बोल लावू नका.
आतून विरळ झालीत ती."
मला आठवला आमच्या ह्यांचा जुना बनियन,
धुऊन धुऊन पलीकडचं दिसायला लागलेला.

हाडं विरली.
हाडवैर मात्र घट्ट विणीचं.

शालन वन्सं भांडुपला, मी शिवडीला.
अकरा वर्षं बोललो नव्हतो.
सासूबाईंच्या पाटल्या, दुसरं काय.
त्यांच्या मते मी मोडून खाल्ल्या,
माझ्या मते त्यांनी.
लग्नकार्यात समोरासमोर आलो तर
मांडवाला दोन खांब जास्तीचे.

मग भाच्याकडून कळलं,
वन्संनाही हीच गोळी.
चहाच्या घोटाबरोबर घेतली, परत गोधडीत शिरल्या.
गोळी अर्ध्या वाटेत बसली चिकटून.
चार दिवस छातीत निखारा,
आवंढा गिळताना डोळ्यांत पाणी.
दुर्बीण घालून पाहिलं, दोन महिने गोळी बंद.
आता डॉक्टरांनी पुन्हा सुरू करा म्हटलंय,
पण पाकिटाला हात लावत नाहीत.

मी फोन केला.
अकरा वर्षांनी काय बोलतात ते सुचेना.
म्हटलं, "पेला भरा."
पलीकडे कितीतरी वेळ काहीच नाही.
मग भांड्यावर पाणी पडल्याचा आवाज.

तेव्हापासून दर मंगळवारी सहाला
त्या त्यांच्या गॅलरीत, मी माझ्या खिडकीत,
दोघी उभ्या. गुडघे बोलायला लागले
की खुर्चीत, पण पाठ सरळ.
लोक म्हणतात शिवडीला फ्लेमिंगो येतात.
मला दिसते टँकरची रांग
आणि दात घासत घासत
टायरला लाथ मारून बघणारा क्लीनर.
त्यांना डोंगर दिसतो, त्यावर निळ्या टाक्या,
आणि एक बाई, रोज त्याच दोरीवर
तोच हिरवा परकर वाळत घालणारी.
एवढंच सांगतो एकमेकींना.

मधून मधून कामाचं.
"कॅल्शियमची पण आत्ताच टाकू का?"
"नको, ती दुपारी, जेवण झाल्यावर."
"दाढ काढायची म्हणतोय तो."
"आधी त्याला ह्या गोळीचं सांगा."
एकदा बुधवारी फोन, रडवेला आवाज:
"काल विसरले गं. दोन घेऊ?"
"एकच. आणि पुढचा मंगळवार आहे तसाच."
'गं' ऐकून मी खिडकीचा गज धरला.

पाटल्यांचा विषय कोणी काढला नाही.

परवा सहा वाजून अठ्ठावीस मिनिटांनी
वन्सं म्हणाल्या,
"वहिनी, त्या पोकळ होत्या.
आत नुसती लाख.
सोनाराने कापल्या तेव्हा कळलं."

खाली टँकर सुरू झाला,
क्लीनर धावत जाऊन लोंबकळला दाराला.
छातीत काहीतरी जळजळलं,
ते गोळीचं नव्हतं, ती कधीच खाली उतरली होती.

म्हटलं, "दोन मिनिटं आहेत अजून.
बसू नका वाकून."
"नाही," त्या म्हणाल्या, "उभीच आहे."

मग साडेसहा झाले.
दोघींनी फोन न ठेवता
आपापला गॅस पेटवला.