वस्तीची गाडी

एकतीस वर्षं कंडक्टर होतो,
त्यातली नऊ कणकुंबीच्या वस्तीच्या गाडीवर.
पिरनवाडी, किणये, जांबोटी,
हात दाखवील तिथं थांबायची,
घाट असो की सपाट, चाल एकच.
रात्री माउलीच्या देवळापाशी
मागच्या लांब सीटवर मी, बॉनेटशेजारी ड्रायव्हर.
सकाळी गाडी जागेवर दिसली
म्हणजे झालं.

डॉक्टर हुक्केरींनी पेन हातात दिलं
तेव्हा तीच गाडी आठवली.
"हे सावकाश चालतं, दिवसरात्र, एका चालीनं.
जेवणाच्या मागं पळायचं काम याचं नाही."
सिस्टर म्हणाल्या, "हत्तू."
मी म्हणालो, "दहा."
दोघंही हसलो.
आमच्या भागात इतक्या पटकन
कशावर एकमत होत नाही.

थोरला मोनाप्पा म्हणाला,
सुई लागली म्हणजे शेवटचा स्टॉप आला बघ.

रात्री साडेनऊ. दिव्याखाली बसतो.
आधी दोन युनिट हवेत,
सुईच्या टोकाला थेंब दिसेपर्यंत.
मग दहा. कट्, कट्, कट्,
जुन्या तिकीट-पंचचा आवाज.
शेवंता तोंडानं मोजते, मी खिडकीतला आकडा वाचतो,
दोन्ही जुळलं तरच टोचायचं.
बेंबीपासून दोन बोटं सोडून,
काल डावीकडं, आज उजवीकडं,
आणि सुई बाहेर काढायची घाई नाही,
दहापर्यंत तिथंच.

पहाटे उपाशीपोटी तपासनीस चढतो.
बोटाला टोचून थेंब मागतो.
दोनशे बारा.
तीन दिवस बघायचं, मग दोन वाढवायचे,
परत तीन दिवस, परत दोन,
एकशेतीसच्या खाली येईपर्यंत.
वहीत वेबिलासारखे रकाने आखलेत.
दहा. बारा. चौदा.
मध्ये एका रात्री विसरलो.
शेवंता म्हणाली, आज डबल घ्या की.
म्हटलं, काल गाडी चुकली म्हणून
आज दोन सोडत नाहीत कुणी.

अठरावर होतो तेव्हाची गोष्ट.
दिवसभर रताळी काढली,
दमून अर्धी भाकरी ताटात ठेवून झोपलो.
तीन वाजता जाग आली. बनियन पिळून निघेल इतका घाम,
हात असे की चिल्लर मोजता आली नसती.
मशीनवर एकसष्ट.
वर्षभर माझ्यापासून साखरेचा डबा लपवणारी बाई
अंधारात थेट त्याच डब्यापाशी गेली.
तीन चमचे, पाण्यात.
मग पंधरा मिनिटं दोघं
घड्याळाखाली बसून,
बोलायला काही सुचेना.
चौऱ्याऐंशी.
तेव्हा कुठं ताटातली भाकरी संपवली.

सकाळी दवाखान्यात फोन. लाइनला नुसती घरघर.
"हदि..." पुढचं वाऱ्यानं खाल्लं.
अठरालाही हदि, सोळालाही हदि.
अंदाजानं कधी कुणाला तिकीट दिलं नाही मी.
ओरडून विचारलं, सिस्टर, हदिनारू की हदिनेंटू?
सुटे आकडे सांगा.
"वंदु. आरू."
एकावर सहा. सोळा.
"आणि उपाशी झोपू नका," हे मात्र त्यांनी
मराठीत सांगितलं.

आज एकशेअठरा.
नवीन पेनं फ्रीजच्या दारात, बर्फापासून लांब,
चालू पेन कपाटात, त्यावर उघडल्याची तारीख.

संध्याकाळी मोनाप्पा आला. चहा बिनसाखरेचा घेतला,
नाव ठेवलं, संपवला.
मग खिशातून एक चिठ्ठी काढली,
घड्यांवर फाटत आलेली, हुक्केरींच्याच अक्षरातली.
सहा महिने झाले म्हणे.
"दुखतं व्हय रे?"
पंच मारताना बोट सापडायचं, म्हटलं,
त्याच्या निम्मंही नाही.
तो काही बोलला नाही.
चिठ्ठी परत घडी केली, मफलर गुंडाळला,
उंबऱ्यावर चपला शोधता शोधता म्हणाला,
"आणि सुटती किती वाजता, तुझी गाडी?"