टेबल नंबर दोन

टॉडमॉर्डनच्या खोऱ्यात सिग्नल उतरतो
शेजारून मागून आणलेल्या विरजणासारखा,
चमचाभर.
मोठ्या मनोऱ्याला डोंगर आडवा येतो,
मग टेकडीवरचा धाकटा मनोरा
झेपेल तेवढंच पुढे वाटतो.
पलीकडच्या उतारावर शंभरावर वाहिन्या,
इकडे मोजून तीस-चाळीस.
मधे फक्त मेंढ्या.

मी शिडीवर, कमरेला मीटर.
खाली मिस्टर थॉर्नबर, वय एक्याऐंशी,
एका हातानं शिडी धरलेली
(तिला त्याचा काही उपयोग नाही),
दुसऱ्या हातात रिमोट.

"लाल बटण दाबलं की म्हणतो,
ही सेवा तुमच्या प्लॅटफॉर्मवर उपलब्ध नाही.
पोरी, मी बत्तीस वर्षं रेल्वेत सिग्नल दिले.
प्लॅटफॉर्मवर काय उपलब्ध नसतं
ते मला सांगतोय हा?"

कंपनीच्या पत्रकात शब्द आहे, इंटरॅक्टिव्ह.
सांगलीच्या मावशीला फोनवर म्हटलं,
म्हणजे टीव्ही आपलं ऐकतो गं.
ती म्हणाली, बरं झालं,
घरात एक तरी ऐकणारं हवं.

त्याला हवं होतं स्नूकर.
तसं ते साध्या अँटेनावरही लागतं,
पण तिथं सदा टेबल नंबर एक,
नावाजलेले खेळाडू, दिव्यांचा लखलखाट.
याला हवं दुसरं टेबल,
पडद्यापलीकडचं,
जिथं पहिल्याच फेरीत हरणारे
आपापला चहा गार होऊ देत बसलेले असतात.
"कोण खेळतंय तिथं?" मी विचारलं.
"खेळत नाही. पंच आहे. जॅनिस."
एवढंच.
शिडीवरून पुष्कळ दिसतं.
विचारायचं सगळंच नसतं.

डिश लावायची तर आकाश हवं आग्नेयेचं.
समोरच्या भिंतीला हात लावायचा नाही,
घर जुनं, कौन्सिलच्या यादीतलं.
धुराडं शेजाऱ्याचं, झाड शेजारणीचं.
शेवटी मागच्या अंगणात, कोळशाच्या खोलीवर,
ओल्या विटांत चार बोल्ट
आणि अडीच अंश डावीकडे.
मीटर किंचाळला.

आत येऊन मी लाल बटण दाबलं.
पडदा जरा विचारात पडला,
मग चार चौकटी: टेबल एक, टेबल दोन,
गुणफलक, समालोचन बंद.
त्यानं रिमोट माझ्या हातून घेतला.

हिरवी बनात, एचडीत, धागा धागा मोजावा इतकी.
पांढऱ्या हातमोज्यावर निळ्या खडूचा डाग.
बाई वाकली, काळा चेंडू पुसला,
जागेवर ठेवला,
सरळ झाली.
"चष्मा बदललाय," तो म्हणाला.
अकरा वर्षांत तो तिच्याबद्दल
कुणाशी किती बोलला असेल, ठाऊक नाही.
मला हे दोन शब्द मिळाले.

मग त्यानं समालोचन बंद केलं.
माझी कल्पना होती, फक्त चेंडूंचा टकटकाट उरेल.
पण पंचाला मोजावं लागतं मोठ्यानं.
आठ. नऊ. सोळा.
प्रत्येक आकड्याला तो मान हलवायचा,
गाडी गेली, नोंद केली,
तशी.
सतरा. चोवीस.
एकदा खेळाडूची बाही चेंडूला लागली.
"फाउल," ती म्हणाली. "चार."
थॉर्नबर हळूच म्हणाला,
"बरोबर आहे."

मी स्क्रू गोळा करत राहिले, होते त्याहून जास्त वेळ.

फॉर्मवर खुणा केल्या:
एचडी, हो. टेबल निवडणं, हो. आवाज निवडणं, हो.
परतीचा मार्ग, नाही.
"तो काय असतो?"
म्हटलं, इथून तिकडं काही पाठवायचं असेल तर
फोनची लाईन जोडावी लागते.
"नको," तो म्हणाला. "मला काही पाठवायचं नाही."
वर्तमानपत्रात गुंडाळून रुबार्बचे देठ दिले,
आंबट, त्याच्या अंगणातले.

शिडी गाडीवर बांधत होते
तेव्हा दारात आला, पायात सपाता.
"ती लाईन. कितीला पडते?"
आकडा सांगितला.
"महाग आहे," तो म्हणाला,
आणि जरा थांबून,
"सोमवारी मी घरीच असतो."