पेन्सिलीतला रकाना

क्लबच्या वहीत आलेले पैसे मी शाईने लिहिते,
येतील असं वाटणारे पेन्सिलीने.
एकतीस वर्षांत पेन्सिल फारशी झिजली नव्हती.

मग एंटविसलसाहेब आले.
अंगणात काचेच्या खोल्या बांधून देऊन श्रीमंत झालेला माणूस,
लहानपणी मैदानाच्या भिंतीवर चढून
फुकट सामने पाहिलेला.
हे ते प्रत्येक भाषणात सांगत
आणि दर वेळी भिंत वीतभर उंच होई.

म्हणाले, "ग्लेनिस, वरच्या डिव्हिजनमध्ये
टीव्हीवाले फावड्याने पैसे ओततात.
आपल्याला फक्त दारापर्यंत पोचायचंय."
मी विचारलं, आणि दारापर्यंतचं गाडीभाडं?
ते हसले.
छान हसायचे, हेही नोंदवायला हवं.

ऑगस्टमध्ये माकिएसे आला,
आठवड्याला अठरा हजार पौंड.
बिस्किटांच्या कारखान्यात तेवढ्यात
चाळीस बायकांचा पगार होतो.
पोरगा मात्र साधा. पहिल्याच दिवशी सहीला आला,
खिडकीबाहेर बघत म्हणाला,
इथे ऊन कधी पडतं?
म्हटलं, गेल्या गुरुवारी पडून गेलं.

ऑक्टोबरात स्टेडियम विकलं,
साहेबांच्याच दुसऱ्या कंपनीला,
दोन्हीकडे साहेबांचीच सही.
तेव्हापासून आमच्याच गवताचं भाडं आम्ही भरतोय.

डिसेंबरात पुढच्या तीन हंगामांची तिकिटं आगाऊ काढली.
पहाटेपासून रांग, थर्मास, घोंगड्या,
आणि रांगेत माझा नवरा,
निवृत्तीच्या पैशांतून तीन तिकिटं मागत:
एक त्याचं, एक नातवाचं,
तिसरं कुणासाठी ते त्यालाही सांगता येईना.
मी खिडकीच्या आतून पावती फाडली.
बोलले नाही.

फेब्रुवारीत कर खात्याचा तपकिरी लिफाफा.
मार्चमध्ये आणखी दोन.
याची टोपी त्याला, त्याची टोपी याला,
शेवटी टोप्याच संपल्या, डोकी उरली.
खाटीक हॅलिवेल चार महिन्यांचं बिल घेऊन यायचा
आणि शनिवारी आम्ही जिंकलेलो असायचो, म्हणून
बिल पुन्हा खिशात घालून
माकिएसेचा गुडघा कसा आहे तेवढं विचारून जायचा.

पेन्सिल बोटाच्या पेरापेक्षा लहान झाली.

मे महिना. लंडन. शेवटचा सामना.
साहेबांनी सगळ्या गावाला बस फुकट केल्या
(बसवाल्याचं बिल अजून माझ्या खणात आहे).
एकोणनव्वदावं मिनिट, बरोबरी,
आणि माकिएसे एकटा, समोर फक्त गोलकीपर.

मला सगळे आकडे पाठ होते.
हरलो तर जूनचा पगार नाही.
जिंकलो तर सप्टेंबरपर्यंत श्वास, मग पुन्हा तेच,
फक्त शून्यं जास्त.
तिथे नव्वद हजार माणसांत
बहुधा मी एकटीच जाणत होते
की आपण गोल मागत नाही आहोत,
मुदतवाढ मागतो आहोत.
तरी मी खुर्चीवर चढले,
या असल्या गुडघ्यांनिशी,
आणि अशी ओरडले
की नवऱ्याने चेंडूवरची नजर काढून
माझ्याकडे पाहिलं.
म्हणून ते त्याला दिसलं नाही.

खांबाचा आवाज मात्र त्याने ऐकला.
बारीक होता.
धुतलेल्या पातेल्याला चमचा लागावा, तेवढाच.

जूनमध्ये लिक्विडेटरचा माणूस आला,
कोवळा, नम्र, स्वतःचा चहा स्वतः आणलेला.
पानं उलटता उलटता थांबला.
हा फिकट रकाना कुणी लिहिला?
साहेबांनी सांगितलं होतं, असं म्हणता आलं असतं.
पण अक्षर माझं होतं,
आणि मे महिन्यातला आकडा
मी दोनदा गिरवून ठळक केला होता.

बाहेर वॉल्ट गवत कापत होता,
एक पट्टा उजळ, एक गडद, दोरी लावल्यासारखा.
त्याला कुणी सांगितलं नव्हतं अजून.
किंवा सांगितलं होतं.